निवत्या शिलारसानं आखलेली वाट

डेव्हिल्स टॉवरवर चढणाऱ्याचा हात खडकावर कमी आणि फटीत जास्त असतो. समोर हिरवट-राखाडी खडकाचे दोन अजस्र खांब, त्यांच्यामधून सरळ वर गेलेली उभी भेग आणि त्या भेगेत मनगटापर्यंत शिरलेला पंजा. अंगठा तळव्याखाली दुमडायचा, बोटांची टोकं एका बाजूला टेकवायची, पंजाची पाठ दुसऱ्या बाजूला, आणि मग पंजा आतल्या आत फुगवायचा. हात अडकतो. इतका घट्ट, की त्यावर सगळं अंग तोलून दुसरा हात मोकळा करता येतो. मुठीत धरायला काहीच नसतं, हाताचीच पाचर होते. डोळा खडकाजवळ नेला की करड्या पोतात जडलेले फेल्डस्पारचे पांढुरके स्फटिक दिसतात, काही मिलिमीटरचे. पंजाच्या पाठीवर त्यांचे ओरखडे उठतात, म्हणून बरेच आरोहक चढण्याआधी हातांना चिकटपट्टी गुंडाळतात.

ही भेग पडली सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता, वानरही आजच्या रूपात नव्हते. तरी तिची रुंदी नेमकी आपल्या बोटांच्या, पंजाच्या मापाची कशी? हा प्रश्न मला या खडकाबद्दलचा सगळ्यांत सुंदर प्रश्न वाटतो, आणि त्याचं उत्तर चक्क आकडेमोडीनं मिळतं.

आधी जागा सांगतो. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, ब्लॅक हिल्सच्या डोंगराळ प्रदेशाच्या कडेला बेल फोर्श नावाची नदी वळणं घेत जाते. तिच्या काठी लाल मातीचे उतार, गवताळ माळ, पाइनची झाडं, आणि त्यातून एकटा उभा असलेला हा सुळका. पायथ्यापासून माथ्यापर्यंत २६४ मीटर. नदीच्या पातळीपासून मोजलं तर ३८६. समुद्रसपाटीपासूनची उंची १,५५८ मीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या साल्हेरएवढी. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी २४ सप्टेंबर १९०६ रोजी त्याला राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं, आणि अशा स्मारकांच्या अमेरिकेतल्या यादीतलं ते पहिलं नाव ठरलं. आज हे सगळ्यांसाठी खुलं असलेलं सार्वजनिक उद्यान आहे. सुळक्याला वळसा घालणारी दोन किलोमीटरची पायवाट आहे, खाली माळावर बिळं करून राहणाऱ्या प्रेअरी डॉगची वस्ती आहे आणि वर, खांबांच्या मधल्या भेगांत, दोराला बांधलेली माणसं आहेत.

आता ती भेग. जमिनीच्या पोटातून वर आलेला शिलारस निवताना आधी घट्ट होतो आणि घट्ट झाल्यावरही आखडत राहतो. पण आखडायला मोकळीक नसते, कारण शेजारचा खडकही त्याच वेळी आपल्याकडे ओढत असतो. ताण साठत जातो. खडकाला तो सोसेनासा झाला की तडा जातो. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या रानात एप्रिल-मे महिन्यात पायाचं पाऊल जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामागचं कारण हेच. तिथे मातीतलं पाणी जातं आणि इथे खडकातली उष्णता, एवढाच फरक.

शेतातल्या भेगा मात्र वेड्यावाकड्या असतात आणि एकमेकींना बहुधा काटकोनात भेटतात. खडकातही पृष्ठभागाशी सुरुवात अशीच होते. पण थंडावा जसजसा आत सरकतो तसतशा भेगाही त्याच्यामागून आत सरकतात, आणि सरकता सरकता आपली मांडणी सुधारत जातात. ताण सगळ्या बाजूंनी सारखा असेल तर कमीत कमी लांबीच्या भेगांनी जास्तीत जास्त ताण मोकळा करण्याची एक मांडणी आहे: एका बिंदूत तीन भेगा, प्रत्येकीमध्ये १२० अंशांचा कोन. ती मांडणी सगळीकडे पसरली की षट्कोन तयार होतात. निसर्गात ते इतके नेटके येत नाहीत. डेव्हिल्स टॉवरचे बहुतेक खांब पाच किंवा सहा बाजूंचे आहेत, क्वचित चार किंवा सात बाजूंचेही. कुणी न मोजता, न आखता ही भूमिती जमून येते, आणि तीही शे-दीडशे मीटर उंचीपर्यंत टिकते. बुंध्याशी दोन-अडीच मीटर रुंद असलेले हे खांब वर जाताना थोडे निमुळते होतात. जगातल्या सर्वांत मोठ्या स्तंभरचनांमध्ये याची गणना होते.

भेग एका दमात खोलवर जात नाही, टप्प्याटप्प्यानं जाते. थोडी पुढे सरकते, अजून गरम आणि मऊ असलेल्या भागाशी थांबते, तो भाग पुरेसा निवला की पुन्हा थोडी पुढे. अशा स्तंभांच्या बाजूंवर पुष्कळ ठिकाणी आडवे पट्टे दिसतात, ते या टप्प्यांच्या खुणा. आणि हे सारं किती तापमानाला घडतं? लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये आइसलंडच्या एका ज्वालामुखीचा बेसाल्ट प्रयोगशाळेत तापवून आणि दोन्ही टोकांना पकडून निवू दिला. सुमारे ९८० अंश सेल्सिअसला तो खडक घट्ट होतो. तडा गेला तो त्यानंतर ९० ते १४० अंश खाली, म्हणजे ८४० ते ८९० अंशांच्या दरम्यान. एवढ्या तापमानाला खडक अजून लाल दिसत असतो. खडक निवून गार पडल्यावर कधीतरी शांतपणे फुटतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो धगधगत असतानाच फुटू लागतो.

खांब किती रुंद होणार हे निवण्याच्या वेगावर ठरतं. भरभर निवला तर बारीक, सावकाश निवला तर जाड. आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या प्रसिद्ध जायंट्स कॉजवेचे खांब अर्ध्या मीटरच्या आसपास आहेत. डेव्हिल्स टॉवरचे त्याच्या चार-पाच पट. टोरांटो विद्यापीठात लुकास गोरिंग आणि स्टीफन मॉरिस यांनी हे तपासण्यासाठी स्वयंपाकघरातलं कॉर्नफ्लोअर वापरलं. कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून भांड्यात घालायचं आणि दिव्याखाली वाळू द्यायचं. वाळल्यावर ते फोडलं की आत काही मिलिमीटर जाडीचे, बहुकोनी, उभे खांब निघतात. वाळण्याचा वेग बदलला की खांबांची जाडी बदलते. प्रत्यक्ष लाव्हारसात आणखी एक गोष्ट घडते, तीही त्यांनी मांडली: भेगांत शिरलेलं पाणी उकळतं, वाफ होऊन वर येतं, निवून पुन्हा खाली जातं आणि उष्णता उपसत राहतं. त्यामुळे थंडावा आत सरकण्याचा वेग बराच काळ जवळपास सारखा राहतो. वेग सारखा, म्हणून खांबाची जाडीही लांबवर सारखी.

आता आकडेमोड. तापमान एका अंशानं उतरलं की एक मीटर खडक ढोबळमानानं एक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याइतका आखडतो. नगण्य वाटतं. पण तडा गेल्यापासून गार होईपर्यंत तापमान उतरतं आठशे अंशांनी, आणि खांब असतो दोन मीटरचा. गुणाकार केला की उत्तर येतं सोळा मिलिमीटर. माणसाचं बोट साधारण तेवढंच जाड! निव्वळ निवण्यानं दोन खांबांमध्ये बोटाएवढी फट पडते. पुढे पावसाचं पाणी त्यात मुरतं, हिवाळ्यात गोठून फुगतं, कडा थोड्या थोड्या झिजतात, आणि कुठे पंजा, कुठे मूठ, कुठे अख्खा खांदा जाईल एवढी जागा होते. खांब अर्ध्या मीटरचे असते तर निवण्यानं पडलेली फट चारच मिलिमीटरची असती, नखही जेमतेम शिरलं असतं. माझ्या दृष्टीनं डेव्हिल्स टॉवरवर चढता येतं याचं मूळ या सोळा मिलिमीटरमध्ये आहे.

हा खडक फोनोलाइट जातीचा आहे, आपल्या सह्याद्रीतल्या बेसाल्टपेक्षा वेगळा. यात सिलिका थोडी जास्त आणि सोडियम-पोटॅशियम भरपूर. त्याची पातळ लादी हातोडीनं ठोकली तर धातूसारखी नादते. तो नेमका कसा तयार झाला याबद्दल मात्र भूशास्त्रज्ञांत एकमत नाही, आणि हा वाद मोठा रंगतदार आहे. शिलारस जमिनीखालच्या थरांत घुसून तिथेच घुमटासारखा निवला, असं एक मत. ही ज्वालामुखीची नळी आहे, आतला शिलारस थिजला आणि भोवतालचा ठिसूळ डोंगर वाहून गेला, हे दुसरं. २०१५ मध्ये चेक संशोधक प्रोकोप झावाडा आणि सहकाऱ्यांनी तिसरी शक्यता पुढे केली: शिलारसाची भूजलाशी गाठ पडून स्फोट झाला, जमिनीत मोठा खड्डा पडला आणि त्या खड्ड्यात भरून आलेला लाव्हा निवून हा सुळका झाला. खांब नेहमी निवणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोन करून वाढतात, त्यामुळे पायथ्याशी ते बाहेरच्या बाजूला कसे फाकले आहेत यावरून शिलारसाच्या मूळ भांड्याचा आकार ताडता येतो. त्यांनी हाच धागा पकडला. म्हणजे आरोहक ज्या भेगेच्या आधारानं चढतो, तीच भेग भूशास्त्रज्ञाला पाच कोटी वर्षांपूर्वीच्या खड्ड्याचा आकार सांगते.

सह्याद्रीत चढणाऱ्याला इथे एक शंका येईल. आपलाही सगळा डोंगर लाव्ह्याचाच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे पूर आले, थरावर थर बसले. मग आपल्या कड्यांवर अशा शंभर मीटर सरळ भेगा का सापडत नाहीत? कारण आपला डोंगर थरांचा आहे. एक कठीण बेसाल्टचा थर, वर मऊ, पोकळ्यांनी भरलेला थर, मध्येच तांबड्या मातीचा पट्टा, पुन्हा कातळ. कठीण थरात उभ्या भेगा पडतात, पण थर संपला की भेगही संपते. मऊ थर झिजून तिथे गवताळ पट्टी होते, तिच्यावर घसारा साचतो. म्हणून सह्याद्रीतल्या प्रस्तरारोहणाची चालच निराळी: वीस-तीस मीटर कातळ, मग निसरड्या गवतावरचा जीवघेणा आडवा टप्पा, मग पुन्हा कातळ. कोकणकडा चढणाऱ्यांना कातळापेक्षा या गवताची आणि सुट्या दगडांची धास्ती जास्त असते, वर आग्या मोहोळांची वेगळीच. डेव्हिल्स टॉवर हा एकाच शिलारसाचा एकसंध गोळा आहे, त्यात थर नाहीत, म्हणून भेग तुटत नाही.

उभ्या खांबांची रचना पाहायची असेल तर ती आपल्याकडेही आहे, तीही भर मुंबईत. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल हा काळ्या बेसाल्टच्या खांबांचा, सुमारे साठ मीटर उंचीचा कडा उभा आहे. माथ्यावर गावदेवीचं मंदिर आणि भोवती इमारतींची दाटी. मुंबईकरांनी एकदा तरी त्याच्या पायथ्याशी जाऊन मान वर करून ते खांब बघावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ते सुमारे सहा कोटी वर्षांचे आहेत आणि लोकल ट्रेनच्या तिकिटात बघायला मिळतात.

पुन्हा वायोमिंगकडे. टॉवरवर चढाईच्या दोनशेहून अधिक नोंदलेल्या वाटा आहेत, आणि बहुतेक सगळ्या म्हणजे एकेक भेग. त्यांतली सगळ्यांत लोकप्रिय वाट आहे ड्युरन्स. १९३८ मध्ये जॅक ड्युरन्स आणि हॅरिसन बटरवर्थ तिथून चढले. सुरुवात एका तुटून भिंतीला टेकलेल्या खांबावरून होते. मग दोन समांतर भेगा, एकीत डावा हात-पाय आणि दुसरीत उजवा. दुसरी वाट, एल मॅटाडोर, १९६७ मध्ये फ्रेड बेकी आणि एरिक ब्योर्नस्टाड यांनी काढली. तिथे दोन खांब पुढे आलेले आहेत आणि मधला मागे राहिलेला, म्हणजे तीन बाजूंनी बंद अशी उभी खोबण. आरोहक तिच्यात पाय फाकवून उभा राहतो: डावा पाय डाव्या खांबाला, उजवा उजव्याला, हातही तसेच दोन्हीकडे दाबलेले. धरायला काही नाही. दोन्ही बाजूंना ढकलत राहायचं आणि एकेक पाऊल इंचाइंचानं वर सरकवायचं. सह्याद्रीत चिमणी, म्हणजे अंग मावेल एवढी रुंद फट, चढलेल्यांना यातलं थोडं ओळखीचं वाटेल, पण चिमणीत पाठ टेकायला मिळते. इथे पाठीमागे फक्त वायोमिंगचा माळ. पोटऱ्या पेटतात, पाय थरथरायला लागतात, आणि ही खोबण बराच वेळ संपतच नाही.

घसरलंच तर वाचवणारं साधनही भेगेतच बसतं. पूर्वी लोखंडी पिटॉन हातोडीनं ठोकायचे. ठोकून-काढून, ठोकून-काढून खडकाच्या कडा फुटायच्या. पुढे भेगेत नुसते अडकवायचे धातूचे तुकडे आले. त्यांतला एक, १९७१ च्या सुमाराचा हेक्सेंट्रिक, स्वतःच षट्कोनी. षट्कोनी खांबांच्या फटीत षट्कोनी गुटका, हा योगायोग मला फार आवडतो. खरी क्रांती केली रे जार्डिन या अमेरिकन आरोहकानं. विमान-अवकाश क्षेत्रातला हा अभियंता. त्यानं घडवलेलं साधन १९७८ पासून बाजारात आलं, आणि आज सगळे त्याला कॅम म्हणतात. दांड्याच्या टोकाला स्प्रिंगवर फिरणाऱ्या वक्र पाकळ्या. घोडा ओढला की पाकळ्या मिटतात, भेगेत घालून सोडला की उघडून दोन्ही भिंतींना टेकतात. पाकळीची कड लॉगॅरिदमिक सर्पिलात कापलेली असते. या वक्राचा गुण असा, की पाकळी कितीही उघडली किंवा मिटली तरी खडकाशी तिचा कोन तोच राहतो, सुमारे चौदा अंश. त्यामुळे माणूस पडून दोर खाली ओढला गेला की ती ओढ पाकळ्यांच्या मार्फत भिंतींवरचा दाब होते. जितकी जोरात ओढ, तितकी घट्ट पकड. चढून झालं की मागचा साथीदार घोडा ओढून कॅम काढून घेतो. खडकावर ओरखडाही राहत नाही.

या साधनांच्या आधीही माणसं वर गेली, आणि त्यांनीही भेगच वापरली. ४ जुलै १८९३ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, विल्यम रॉजर्स आणि विलार्ड रिप्ली या दोघा स्थानिक पशुपालकांनी टॉवरवर चढण्याचा जाहीर कार्यक्रम ठेवला. त्यासाठी त्यांनी आधीच आग्नेय बाजूच्या एका सलग भेगेत अडीच-अडीच फुटांच्या लाकडी मेखा ठोकल्या होत्या, आणि त्यांची बाहेरची टोकं फळीनं जोडून साडेतीनशे फुटांची शिडी केली होती. लांबून लांबून घोडागाड्यांनी लोक आले, माथ्यावर झेंडा फडकला. दोन वर्षांनी, पुन्हा ४ जुलैलाच, रॉजर्सची बायको लिनी त्याच शिडीनं वर गेली. टॉवरच्या माथ्यावर पोचल्याची नोंद असलेली ती पहिली स्त्री. शिडीचे अवशेष आजही भेगेत अडकलेले आहेत आणि पायवाटेवरून दिसतात.

शिडीशिवायची पहिली चढाई झाली १९३७ मध्ये. जर्मनीत जन्मलेला फ्रिट्झ वीसनर, सोबत विल्यम हाउस आणि लॉरेन्स कव्हनी. पाच तासांच्या आत ते माथ्यावर होते. संपूर्ण चढाईत वीसनरनं एकच पिटॉन ठोकला. त्या काळचे दोर नैसर्गिक धाग्यांचे, बूट साधे, घसरलं तर दोर टिकेल याची खात्री नाही. एवढ्या रुंद फटीत, एवढ्या उंचीवर, अंगाच्या जोरावर आणि डोकं शांत ठेवून केलेली ती चढाई मला त्या खडकाच्या इतिहासातली सगळ्यांत मोठी वाटते.

जॉर्ज हॉपकिन्सची गोष्ट वेगळी. १ ऑक्टोबर १९४१ रोजी हा पॅराशूटपटू पन्नास डॉलरच्या पैजेवर विमानातून उडी मारून थेट टॉवरच्या माथ्यावर उतरला. उतरण्यासाठी विमानातून टाकलेला दोर मात्र त्याच्या हाती लागला नाही. माथा दीड एकराचा, कडा चारी बाजूंनी तुटलेला. सहा दिवस तो तिथे अडकला. विमानं वरून खाणं आणि पांघरुणं टाकत राहिली, देशभरच्या वर्तमानपत्रांनी बातम्या चालवल्या. शेवटी देशाच्या दुसऱ्या टोकाकडून जॅक ड्युरन्सला बोलावलं. तो साथीदारांसह आपल्याच वाटेनं चढला आणि ६ ऑक्टोबरला हॉपकिन्सला सुखरूप खाली आणलं.

आता उद्यानाकडे, कारण ते एकट्या आरोहकांचं नाही.

लाकोटा, शायान, क्रो, किओवा, अरापाहो, शोशोनी अशा वीसहून अधिक आदिवासी समाजांसाठी हा खडक पवित्र आहे. लाकोटा त्याला माटो टिपिला म्हणतात, अस्वलाचं घर. किओवांची कथा अशी: सात मुली खेळत असताना अस्वलं त्यांच्यामागे लागली. मुली एका छोट्या खडकावर चढल्या आणि त्यांनी त्याची करुणा भाकली. खडक वाढू लागला. अस्वलं उड्या मारत, नखांनी ओरबाडत राहिली. खांबांमधल्या या भेगा म्हणजे त्या नखांच्या खुणा. मुली आकाशात गेल्या आणि तारे झाल्या. काहीजण सांगतात त्या कृत्तिका झाल्या; दुसऱ्या एका कथनात त्या सप्तर्षींचे तारे आहेत. कृत्तिकांच्या पुंजक्यात आपल्याकडेही पुराणांनी मातृका पाहिल्या, कार्तिकेयाला दूध पाजणाऱ्या. पृथ्वीच्या दोन टोकांवरच्या माणसांनी त्याच इवल्याशा पुंजक्याकडे बघून बायकांचीच गोष्ट रचावी, हे वाचताना मी बराच वेळ थांबलो होतो.

पायवाटेनं जाताना झाडांना बांधलेल्या रंगीत कापडाच्या पट्ट्या आणि पुरचुंड्या दिसतात. त्या प्रार्थना आहेत. त्यांना हात लावायचा नाही, फोटो काढायचा नाही. जूनमध्ये, उत्तरायणाच्या शेवटी दिवस सर्वांत मोठा होतो तेव्हा, सूर्यनृत्यासारखे विधी होतात. खाली माणसं उपास धरून प्रार्थनेला बसलेली आणि वर देवाच्या अंगावर दोर लावून कुणीतरी ओरडतंय, ही विसंगती १९८० नंतर चढणाऱ्यांची संख्या वाढली तशी टोचू लागली. तेव्हा राष्ट्रीय उद्यान सेवेनं आरोहक, आदिवासी प्रतिनिधी, पर्यावरणवाले आणि स्थानिक लोक एकत्र बसवले आणि १९९५ मध्ये आरोहणाचा आराखडा केला. त्यात ठरलं: जून महिन्यात कुणीही चढू नये, ही विनंती. आरोहकांवर सक्ती नाही, दंड नाही; व्यावसायिक मार्गदर्शकांना मात्र जूनचे परवाने मिळणार नव्हते.

काही मार्गदर्शक आरोहकांना हेही मान्य नव्हतं. सरकार एका धर्माची बाजू घेतं, असा त्यांचा दावा होता आणि प्रकरण कोर्टात गेलं. १९९६ मध्ये न्यायाधीश विल्यम डाउन्स यांनी जूनमध्ये व्यावसायिक मार्गदर्शकांना परवाने नाकारण्याला स्थगिती दिली. ती बंदी मग काढून टाकली गेली. नुसती विनंती मात्र १९९८ च्या निकालात टिकली, आणि पुढे वरच्या कोर्टातही तिला धक्का लागला नाही. पहिल्याच वर्षी, १९९५ च्या जूनमध्ये, चढणाऱ्यांची संख्या आदल्या वर्षीच्या जूनपेक्षा ऐंशी टक्क्यांहून जास्त घटली. नंतरच्या काळात काहीजण जूनमध्येही चढू लागले आहेत, आणि आदिवासी समाजांत पूर्ण बंदीच हवी असं म्हणणारेही आहेत. त्यांचं म्हणणं मला पटतं. पण पहिल्या वर्षी शेकडो आरोहकांनी केवळ विनंतीवरून आपला सर्वांत आवडता खडक महिनाभर सोडून दिला, ही गोष्टही मला लहान वाटत नाही.

सक्तीची बंदी आहे ती ससाण्यांसाठी. प्रेअरी ससाणे टॉवरच्या खाचांत अंडी घालतात. मार्चच्या मध्यापासून त्यांचा विणीचा काळ सुरू झाला की घरट्याच्या आसपासच्या वाटा बंद केल्या जातात आणि पिल्लं उडेपर्यंत बंदच राहतात. घरटं कुठे आहे त्याप्रमाणे दर वर्षी बंद वाटा बदलतात. शिवाय नवे बोल्ट मारायचे नाहीत, नव्या मेखा ठोकायच्या नाहीत. आपल्याकडे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या लेण्यांभोवतीच्या खडकावर मुंबईच्या आरोहकांच्या पिढ्या घडल्या. तिथेही एकाच जंगलात दोन हजार वर्षांची लेणी, बिबटे, आदिवासी पाडे आणि दोर घेऊन आलेली पोरं आहेत. डेव्हिल्स टॉवरचा आराखडा तिथे जसाच्या तसा लागू होणार नाही, पण सगळ्यांना एका टेबलाशी बसवून महिने आणि जागा वाटून घेण्याची ती पद्धत आपल्या उद्यानांना नक्की उपयोगी पडेल.

माथा तसा सपाट, किंचित फुगीर. गवत, सेजब्रशची झुडपं, निवडुंग. खारीच्या जातीतले चिपमंक आणि उंदीर तिथे राहतात, आणि सापही. तेही भेगांमधूनच वर चढलेले. पायथ्याला मोडून पडलेल्या खांबांचे ढीग आहेत. नोंदी सुरू झाल्यापासून मात्र एकही अख्खा खांब कोसळल्याची नोंद नाही.

महाराष्ट्रातून किंवा अमेरिकेतल्या मराठी घरांतून कुणी तिकडे चढायला जाणार असेल, तर सप्टेंबर चांगला. जून उलटून गेलेला असतो, ससाण्यांच्या वाटा बहुधा खुल्या झालेल्या असतात आणि खडक उन्हानं भाजत नाही. चढण्याआधी आणि उतरल्यावर उद्यानाच्या कार्यालयात नोंद करावी लागते, तिला पैसे पडत नाहीत. दुपारी वादळी पाऊस येतो, तेव्हा निघायचं पहाटे. आणि कॅम भरताना सह्याद्रीच्या सवयीनं प्रत्येक मापाचा एकेक घेऊ नका. तिथली भेग कितीतरी मीटर एकाच रुंदीची राहते, त्यामुळे एकाच मापाचे चार-पाच लागतात.